मामूंनी दिलेली जबान

लहान पोराला औषध पाजताना 'गोड आहे हं' असं जगातला प्रत्येक माणूस सांगतो. आमच्या उमरग्याच्या दवाखान्यातले कंपाउंडरमामू मात्र कधीच सांगत नसत. बाटली हातात घेऊन ते पोरासमोर उकिडवे बसायचे आणि म्हणायचे, "लई कडू हाय. तोंड वाकडं व्हईल. पन ताप जाईल." आया संतापायच्या, पण नवल असं की पोर निमूट प्यायचं. एक दिवस मामू माझा दवाखाना बंद पाडणार, असं डॉक्टर सगळ्यांना सांगत फिरायचे.

मी तेव्हा मुलींच्या शाळेत नवी मास्तरीण होते आणि दवाखान्यामागच्या खोलीत भाड्यानं राहत होते. निजामाचं राज्य जाऊन चार-पाच वर्षं झाली असतील. मामू तिशीचेच, पण सारं गाव त्यांना मामू म्हणायचं, म्हणून मीही म्हणायचे. एकदा मी मोठ्या हौसेनं धपाटी करून दवाखान्यात नेली. डॉक्टरांनी तोंड भरून कौतुक केलं. मामू एक घास चावून म्हणाले, "बाई, मीठ विसरलात." आठ दिवस मी त्यांच्याशी धड बोलले नाही. मीठ मी खरंच विसरले होते.

त्यांची बायको जुबेदा. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत आपल्यात तशी त्यांच्यातही. फक्त तिचं माहेर तोवर उमरग्यातून उठून कराचीला गेलं होतं. सातव्या महिन्यात भाऊ न्यायला आला आणि मामूंनी दोघांना सोलापूरला गाडीत बसवून दिलं. चार-पाच महिन्यांनी ती बाळाला घेऊन परत यायची होती. तेवढ्यात दोन्ही देशांत पासपोर्ट आणि व्हिसाचे नियम आले. तिकडं तिच्या वडिलांनी तिच्या नावानं तिथलाच पासपोर्ट काढला, त्यावर तान्ह्या लेकीचंही नाव चढलं, आणि उमरग्याची सून उमरग्यालाच परकी झाली. लेकीचं नाव नसीम. तिचा फोटो मामू कोटाच्या आतल्या खिशात ठेवत. कुणी मागितला तर दाखवत आणि म्हणत, "नाक माझ्यावर गेलंय. तेवढं वाईट झालं."

भेटीच्या व्हिसासाठी जुबेदानं कराचीत अर्ज केला. इकडून लागणारं मामूंचं हमीपत्र मी इंग्रजीत लिहून दिलं. मग त्याची चौकशी करायला पोलीस जमादार दवाखान्यात आला. मोठा भला माणूस. तीन महिन्यांची मुदत संपली की बायको-लेकीला परत पाठवणार ना, असं त्यानं विचारलं. मामू म्हणाले, "न्हाय." जमादारानं लिहिता हात थांबवला, त्यांना नीट समजावलं आणि पुन्हा विचारलं. मामू म्हणाले, "बायको हाय माझी, साहेब. ती माझ्याच घरात पाहुणी कशी? आली की राहील." तिसऱ्यांदा विचारताना जमादार माझ्याकडं बघत होता. उत्तर तेच आलं. अर्ज नामंजूर झाला.

मी किती चिडले म्हणून सांगू! तुमच्या खरेपणाचं काय लोणचं घालायचंय, असं मी त्यांना तोंडावर विचारलं. लेकीचं तोंड बघायचंय की नाही? मामू पुड्या बांधत राहिले. पंधरा-वीस दिवसांनी स्वतःच माझ्या दाराशी आले आणि म्हणाले, "बाई, काय बोलायचं ते शिकवा." मग पहिलीच्या पोरींकडून घोकून घेतात तसं मी त्यांच्याकडून घोकून घेतलं. 'होय. तीन महिन्यांनी परत पाठवीन.' 'परत'पाशी ते दर वेळी अडायचे. पुन्हा अर्ज झाला, तोच जमादार आला आणि या वेळी मामूंनी सगळं बिनचूक म्हटलं. जमादारानं हायसं होऊन सही ठोकली.

जुबेदा आली तेव्हा नसीम सव्वा वर्षाची होती. पहिले काही दिवस बापाला बघितलं की भोकाड पसरायची. महिन्याभरात असं झालं की मामू एका हातानं खलात औषध घोटताहेत आणि दुसऱ्या खांद्यावर ती झोपलीय. पेशंटांनी हळू बोलायचं, असा हुकूमच होता. मामूंना गुणगुणताना मी तेवढे तीन महिनेच ऐकलं.

मुदत वाढवून मागणारा अर्ज डॉक्टरांनी धाडला होता. शेवटचा आठवडा आला तरी त्याचं उत्तर नाही. डॉक्टर म्हणाले, बेंबळीला तुमच्या बहिणीकडं ठेवा दोघींना, कोण येतंय बघायला? जुबेदानं माझ्या खोलीत येऊन माझे दोन्ही हात धरले. ते तुमचं ऐकतात, तुम्ही सांगा, म्हणाली. मी सांगायला गेले.

"जमादारानं माझ्या भरवशावर सही केली, बाई. उद्या त्याची नोकरी जाईल. आन मी जबान दिलीय, परत पाठवीन म्हणून."

"मामू, ते आपण नुसतं म्हणायचं म्हणून म्हटलं होतं."

"तुमी म्हणायचं म्हणून शिकवलं. माझ्या तोंडातनं निघालं ते माझं झालं."

मुंबईहून बोट होती. मामूंना तिथवर जायला रजा मिळाली असती, पण धीर नव्हता. ते सोलापूरपर्यंतही गेले नाहीत. बस सुटताना जुबेदा आत खिडकीकडं पाठ करून बसली होती. नसीमनं त्यांची कॉलर मुठीत धरली होती. ती मूठ त्यांनीच एकेक बोट करून सोडवली आणि लेक मुंबईपर्यंत सोबत निघालेल्या बहिणीच्या मुलाजवळ दिली. बस गेल्यावर ते ठाण्यात जाऊन दोघी गेल्याची वर्दी देऊन आले आणि दवाखान्यात येऊन पुड्या बांधायला बसले.

पुढं आणखी दोन अर्ज झाले. दोन्ही फेटाळले गेले. जुबेदाची पत्रं आधी विरळ झाली, मग थांबली. दोष कुणाला द्यायचा? मी तर तो अजून स्वतःलाच देते.

माझी बदली झाली तेव्हा सामान बांधून मी मामूंचा निरोप घ्यायला गेले. मी तुम्हाला खोटं बोलायला शिकवायला नको होतं, मला माफ करा, असं म्हणताना मला रडू आवरेना. आता तरी हा माणूस माझ्या समाधानासाठी चार गोड शब्द बोलेल, असं मला वाटलं होतं.

मामूंनी हातातली पुडी बांधून बाजूला ठेवली. मग म्हणाले, "तुमी शिकवलं नसतं तर मी नसीमला कधी बघितलंच नसतं, बाई. पन बघितलं नसतं, तर मला झोप तरी लागली असती."