उरलेले साठ

क्षयरोग दवाखान्याच्या लॅबमध्ये त्यांना नावानं कोणी हाक मारत नसे. ते सगळ्यांचे शंभरकाका. मायक्रोस्कोपखाली स्लाइडचा एका वेळी दिसतो तो गोल तुकडा म्हणजे एक फील्ड, आणि असे शंभर फील्ड पाहिल्याशिवाय 'जंतू नाहीत' असं लिहायचं नाही, हा नियम. नियम सगळ्यांना पाठ होता. पाळण्याचं काम मात्र एकट्या काकांकडे होतं. बाकीचे साठ-सत्तरवर मान मोकळी करत चहाला उठायचे. काका एकतीस वर्षं शंभर म्हणजे शंभरच मोजत आले होते.

"काका, लग्नाच्या वेळी काकूंनाही शंभरदा पाहिलं होतंत का?" कोणीतरी टोमणा मारायचं.

"एकदाच. तिनं मला नीट पाहिलं नाही, म्हणून तर जमलं."

त्या काकू जाऊन सहा वर्षं झाली होती. लेक नवऱ्याबरोबर इतकी लांब गेली होती की आगगाडीनं दोन दिवस लागायचे. घरात दोन खोल्या, एक ताट, एक वाटी. बोलायला कोणी नसलं की माणूस भांड्यांशी बोलायला लागतो. काका कुकरच्या शिट्टीला "आलो, आलो" म्हणत. टीव्ही ते बघायचे नाहीत, पण बंदही करायचे नाहीत.

आणि आता लेक येणार होती. रविवारी निघणार, महिनाभर राहणार, आठ महिन्यांच्या नातीला घेऊन. नात काकांनी फक्त फोनवर पाहिली होती. त्यांनी आतल्या खोलीला स्वतः रंग दिला. टेबलाच्या चारी कोपऱ्यांना जुन्या साडीच्या चिंध्या गुंडाळल्या. "अहो, आठ महिन्यांचं पोर कुठं चालतंय डोकं आपटायला?" शेजारीण म्हणाली. "महिन्याभरात चालेल की," काका म्हणाले.

फक्त तो खोकला. तीन आठवडे झाले होते. दोन आठवड्यांचा खोकला अंगावर काढून येणाऱ्या पेशंटला काका असे काही झापायचे की तो खाली मान घालून बेडक्याची डबी घेऊन जायचा. स्वतःच्या बाबतीत मात्र त्यांनी सगळं खापर रंगावर फोडलं. पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं, त्याचं खापर मधुमेहावर.

गुरुवारी सकाळी बाकीचे यायच्या आत त्यांनी स्वतःच्या बेडक्याची स्लाइड केली. लाल रंग ओतला, खालून ज्योत फिरवली, वाफ निघाली. मग आम्लाचं पाणी, मग निळा रंग. बाकी सगळ्यातून तो लाल धुऊन जातो. क्षयाच्या जंतूच्या अंगावर मेणासारखा कोट असतो, तो लाल रंग सोडत नाही. लबाड खरा, पण शरीरात ज्या कोटानं तो निभावतो, त्याच कोटानं काचेवर पकडला जातो. रजिस्टरमध्ये काकांनी नंबर टाकला आणि नावाची जागा कोरी ठेवली. असं ते कधी करत नसत.

दहा फील्ड, निळे. वीस, निळे. तीस. चाळिसाव्या फील्डला त्यांचे डोळे भरून आले, आनंदानं की भीतीनं, त्यांचं त्यांनाच कळलं नाही. ते उठले. रजिस्टरमध्ये 'निगेटिव्ह' लिहिलं आणि स्लाइड खोक्यात ठेवली.

शुक्रवारी संध्याकाळी लेकीचा फोन आला. बॅगा भरून होत होत्या.

"बाबा, ही झोपतच नाही हो. काल तुमची चोराची गोष्ट सांगितली, तेव्हा कुठं झोपली."

ती गोष्ट काकांनीच रचलेली. लहानपणी लेक विचारायची, बाबा, दिवसभर त्या नळीतून काय बघता? मग ते सांगायचे. शरीरात पहारेकरी असतात, दिसेल त्या चोराला गिळून टाकतात. दुसरे चोर पोटात विरघळतात. हा एक महाबिलंदर. हा पहारेकऱ्याच्या पोटातच बिऱ्हाड करतो. चोराला विरघळवणारं आम्ल त्याच्या खोलीपर्यंत पोचूच देत नाही. मग बाकीचे पहारेकरी जमून त्याच्याभोवती भिंत बांधतात, तर हा भिंतीआड खुशाल झोपतो. वर्षानुवर्षं. पहारेकरी म्हातारे झाले, थकले, की उठतो.

"शेवट आठवतोय ना?" लेक हसत म्हणाली. "मग माझे बाबा शंभरपर्यंत मोजतात आणि चोर सापडतो! ही शंभरपर्यंत कुठली थांबतेय, चाळीसलाच डोळे मिटले."

काका "बरं" म्हणाले. फोन ठेवल्यावर कुकर तीनदा ओरडला, तरी ते जागचे हलले नाहीत.

शनिवारी सकाळी त्यांनी खोक्यातून ती स्लाइड काढली, तेलाचा थेंब टाकला आणि जिथं थांबले होते तिथून पुढं सरकवली. एक्केचाळीस. पन्नास. साठ. निळं, निळं. त्यांना वाटलं, सुटलो. सदुसष्टाव्या फील्डमध्ये एक बारीक लाल काडी होती. त्र्याऐंशीव्यात दोन, एकमेकींना टेकून. शंभर पुरे करून त्यांनी 'निगेटिव्ह' वर रेघ मारली, 'जंतू तीन' असं लिहिलं आणि कोऱ्या जागेत स्वतःचं नाव घातलं.

"गोळ्या आजपासून," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दोन महिन्यांनी पुन्हा तपासू. तोवर बाळ घरात नको, काका. हे मी तुम्हाला काय सांगायचं!"

दुपारी त्यांनी लेकीला फोन लावला. सगळं सांगितलं, चाळीसवर थांबलो होतो तेही.

"कधी शिरला असेल तो?" तिनं विचारलं.

"तुझ्या जन्माआधीही असेल. तेव्हा आम्ही मास्क कुठले लावत होतो?"

"म्हणजे आई गेली, मी गेले, आणि हा..."

"हा राहिला. आणि मी आपला सगळ्यांना सांगत होतो, एकटाच राहतो म्हणून."

ती हसली, आणि हसता हसता रडायला लागली. मग नाक ओढून म्हणाली, "थांबा. कॅमेरा लावते. तिला बघा तरी."

काकांनी खिशातून मास्क काढला, कानांमागं दोऱ्या अडकवल्या आणि मग बटण दाबलं. पडद्यावर नात आली. तिनं त्यांच्याकडं टक लावून पाहिलं, ओळख न लागून आईकडं वळून पाहिलं.

"बाबा, काढा ना तो," लेक म्हणाली. "फोनमधून थोडंच लागतंय?"

ते काकांइतकं कोणाला ठाऊक असणार? तरी त्यांचा हात काही वर गेला नाही.