दुर्गाबाईनं न वाढलेली पंगत

दुर्गाबाई स्वयंपाक चाखत नसे. नैवेद्याआधी जिभेला काही लावायचं नाही, हा सासूचा दंडक. त्यामुळे दोनशे माणसांच्या वांग्याच्या भाजीतलं मीठ ती वासावर ओळखायची. पातेल्यावर वाकून एक श्वास ओढायची आणि म्हणायची, "मूठभर कमी हाये." आसपासच्या गावांत रोडग्यांची, गोवऱ्यांवर भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांची, पंगत ठरली की बोलावणं तिलाच. नवरा गेल्यापासून बावीस वर्षं तिनं याच नाकावर घर चालवलं होतं.

२००७ च्या उन्हाळ्यात ते नाक तिला नकोसं झालं.

खुशालराव तुरुंगातून सुटून आला. सात वर्षांपूर्वी त्यानं बोरं देतो म्हणून देवमनच्या ज्योत्स्नाला कापसाच्या कोठीत नेलं होतं. पोर नऊ वर्षांची. देवमन तेव्हा त्याच्याच घरी सालदार, वर्षाच्या बोलीवरचा गडी, होता आणि अजूनही होता. त्या वर्षांत दुसरीकडे काम मिळत होतंच कुठे?

गावानं खुशालरावाचा बंदोबस्त केला तो असा. पोरींनी त्याच्या गल्लीतून जायचं नाही. हापशीवर एकटीनं जायचं नाही. ज्योत्स्ना दहावी पास झाली, पण अकरावीला अचलपूरला जायचं नाही, कारण एस्टीचा थांबा त्याच्या ओट्यासमोर. तो मात्र सकाळी त्याच ओट्यावर न्हाव्याकडून दाढी करून घेई, केसांना वासाचं तेल चोपडी आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला राम राम करी. लोकही उलट राम राम करत.

एक दिवस त्याचा मोठा भाऊ, गावचा सरपंच, दुर्गाबाईच्या दारात आला.

"शनिवारी पारावर रोडगे, दुर्गाबाई. चार पायल्या कणीक."

"काहून? नवस फेडून राहिले का?"

"खुशालले पंगतीत घ्यायचं हाये. सजा भोगली ना त्यानं. माणसाले किती दिवस बाहेर ठेवान?"

"बाहेर त तोच फिरून राहिला, भाऊ. आत त पोर बसली हाये."

सरपंच हसला. "तुमची जीभ लय तिखट. भाजी तशीच करजा."

आणि तिनं होकाराची मान हलवली. सरपंचाला नाही म्हणायची तिला सवयच नव्हती. तो वळला तसा तिला आपल्याच अंगाला आंबलेल्या फडक्याचा वास आल्यासारखं झालं. दोनदा हात धुतले, तरी तो गेला नाही.

शनिवारी गोवऱ्यांच्या आरात रोडगे घालत असताना अमरावतीच्या कॉलेजातली नगमा तिच्याजवळ येऊन बसली. तेव्हा गावात पाहणीचे फॉर्म घेऊन येणारे पुष्कळ. कोणी कपाशीचं विचारी, कोणी जीव दिलेल्या माणसांचं. नगमा वेगळंच विचारत होती. असा गुन्हा करून सुटलेला माणूस गावात कसा राहतो, त्याच्यावर लक्ष कोण ठेवतं.

"मावशी, गावाची देखरेख आहे का?"

"हाये ना. पोरीवर हाये."

नगमाचं पेन थांबलं. "फॉर्ममध्ये फक्त त्याच्याबद्दल विचारलंय."

"मंग तुया फॉर्मबी आमच्या गावचाच दिसते, बाई."

दुपारी पंगत बसली. असल्या पंगतीची एक रीत होती. ज्या घराचं वाईट केलं, त्या घरच्या बाईला स्वयंपाकिणीनं आधी विचारायचं, "वाढू का?" तिनं "वाढ" म्हटलं की पहिला रोडगा तिच्या ताटात पडायचा आणि प्रकरण कायमचं मिटायचं. नाही म्हटलं तर तो माणूस पारावर, हापशीवर, थांब्याजवळ दिसता कामा नये. आजवर कोणी नाही म्हटलेलं नव्हतं.

ज्योत्स्नाची आई पार्वताबाई पहिल्या ताटावर मान घालून बसली होती. समोर पांढऱ्या शर्टात, हात जोडून खुशालराव. भाजीच्या वाफेतूनही दुर्गाबाईला त्याच्या तेलाचा वास आला.

"पार्वता, वाढू का?"

पार्वताबाईनं ताटाची कड धरून ठेवली.

"वाढा वो," मागून कोणीतरी म्हणालं. "गप बसली म्हंजे हो."

"बायकोचं गप बसणं म्हंजे हो, त माह्या घरी रोज पंगत पायजे!" दुसरा म्हणाला आणि पुरुष हसले. खुशालरावही हसला.

तेवढं हसू पुरे झालं. "मले आयकू नाही आलं," दुर्गाबाई मोठ्यानं म्हणाली. मग टोपलं काखेला लावून पार्वताबाईपुढे उकिडवी बसली आणि हळू आवाजात बोलली, "तू नाही म्हण, पार्वता. मी टोपलं उचलते."

"देवमन," सरपंचानं हाक दिली, "सोमवारी कामावर यायचं हाये ना?"

पार्वताबाईनं नवऱ्याकडे पाहिलं. तो जमिनीकडे पाहत होता. तिनं रिकामं ताट उचललं आणि पालथं घातलं.

"नोको वाढू, बाई."

दुर्गाबाईनं सगळे रोडगे गुरांच्या गव्हाणीत ओतले. भाजीचं स्वतःचं पातेलंही ती पारावरच सोडून घरी गेली.

देवमनचं काम गेलं. दुर्गाबाईला त्या हंगामात गावातून एकही बोलावणं आलं नाही. बायकासुद्धा म्हणाल्या, अन्नावर काहून राग काढला? पण रीत मोडायला कोणी धजलं नाही. न्हावी ओट्यावर यायचा बंद झाला.

जुलैच्या पहिल्या सोमवारी दुर्गाबाई ज्योत्स्नाला अचलपूरच्या गाडीत बसवायला थांब्यावर गेली. ओटा रिकामा होता. दार मात्र बोटभर उघडं, आणि फटीतून तोच तेलाचा वास.

"मावशी, तो पाहून राहिला का?"

"तू गाडी पाय."

दुर्गाबाई त्या फटीसमोर जाऊन उभी राहिली. पोर गाडीत चढली, गाडी हलली. मग दुर्गाबाई उंबऱ्यावर थुंकली आणि पोर परतायच्या दुपारच्या गाडीपर्यंत तिथेच बसली.