रेघेवर एकदम सरळ

बर्फाखालच्या शेवटच्या वस्तीत, पत्र्याच्या एका खोलीत, सिस्टर डोंगरावरच्या गाइडांना औषधोपचार शिकवायची. डॉक्टर तिथवर चढत नसत. मोडलेलं हाड कसं बांधायचं, गारठलेली बोटं का चोळायची नाहीत, सगळं शिकवायची. पण तिचा जीव फरशीवरच्या खडूच्या रेघेत होता. उंचीवर मेंदूला सूज आली की माणूस न पिता झोकांड्या खातो. म्हणून टाचेला पंजा भिडवत रेघेवर चालवायचं. तोल गेला की उतरवायचं, समजूत घालत बसायचं नाही.

गाइड शिकले. नको इतके शिकले. वर जायला मनाई झाली की रोजी बुडते, म्हणून चक्कर येईस्तोवर गिरक्या घेऊन रेघेवर सरळ चालायचा सराव करू लागले. हरेल त्याने चहा पाजायचा.

"सिस्टर, मेल्यावरसुद्धा पास करावं लागणार आम्हाला!" एक लंबू म्हणाला. तीही हसली. त्याच हंगामात लंबू पास होऊन वर गेला आणि वरच राहिला.

आज तिचा थोरला मुलगा, तोही गाइडच, वरच्या तळावरून उतरला होता. उद्या पुन्हा चढायचा होता.

"डोकं दुखतंय?"

"छे गं आई. उन्हानं जरा जड झालंय."

"चाल."

तो चालला. धडधाकट माणूस त्या रेघेवर थोडा डगमगतो, हसतो, आईची टर उडवतो. हा ओठ आवळून, भिंतीवरच्या खिळ्यावर नजर रोवून, ओझं नेल्यासारखा चालला. पाऊल तसूभर ढळलं नाही.

"झालो ना पास?"

"म्हणूनच म्हणते, खाली जा. आत्ताच्या आत्ता."

"पास झालो म्हणून खाली जा? वा! वर्गात हे नव्हतं शिकवलंस."

जे दिसत होतं ते मोजायला तिच्याजवळ त्या रेघेखेरीज काहीच नव्हतं. ती फक्त मान हलवत राहिली. नाही. नाही.

त्याने पाठपिशवी उचलली आणि तडक समोर, गिर्यारोहकांना वर नेणाऱ्या कंपनीच्या तंबूत गेला. तिथला म्होरक्या तिचाच जुना विद्यार्थी. त्याने काठीने मातीत रेघ ओढली. थोरला चालला.

"त्याला नेऊ नकोस रे!" ती दारातून ओरडली.

म्होरक्याने हात उंचावला. "काळजी सोडा, सिस्टर. तुम्ही शिकवलंय तस्संच बघितलं. एकदम सरळ आहे!"