वंदनाताईंचे अडतीस मेल

गेल्या गुरुवारी सकाळी मी हुडकेश्वरला एका बाईची चूक पकडायला गेले होते.

मी सॉफ्टवेअरवाली. धरमपेठेतल्या एका हॉस्पिटलचं काम आमच्या छोट्याशा कंपनीकडे आहे. मेलवर आलेले रिपोर्ट आमचा प्रोग्राम आपोआप उचलतो आणि त्या त्या पेशंटच्या फोल्डरमध्ये ठेवतो. महिनाभरापासून मात्र मोठी अटॅचमेंट आली की सर्व्हर आडवा व्हायचा... ओपीडीची रांग खोळंबायची आणि बोलणी मी खायची.

जाडजूड फाइली बहुतेक हॉस्पिटलच्याच हुडकेश्वरच्या सेंटरमधून यायच्या. तिथे रेकॉर्ड सांभाळतात वंदनाताई, पंचेचाळिशीत कम्प्युटर शिकलेल्या. पेशंटची जुनी कागदपत्रं स्कॅन करून पाठवणं हे त्यांचं काम. मी तोऱ्यात एक मेल टाकला, 'बेजबाबदारपणे मोठ्या फाइली पाठवल्यामुळे सर्व्हर बंद पडतो.' ताईंचं नाव लिहून... आणि डॉक्टरांपासून रिसेप्शनपर्यंत सगळ्यांना.

पुढे दोन आठवडे झाले तरी सर्व्हर पडतच होता. शेवटी हॉस्पिटलच्या मोठ्या सरांनी ठरवलं, सोमवारपासून ताईंना कम्प्युटरवरून काढून जुन्या कागदांच्या खोलीत बसवायचं. त्याआधी तुम्ही एकदा बघून या, म्हणाले. म्हणून मी गेले.

ताईंनी आधी पाणी दिलं, मग कामाला लागल्या. एका आजोबांची अडतीस पानांची फाइल होती. ताई एकेक पान वेगळं स्कॅन करत होत्या आणि प्रत्येक पानाचा वेगळा मेल पाठवत होत्या. विषयात पेशंटचा नंबर, पुढे 'अडतीसपैकी सात'... 'अडतीसपैकी आठ'...

मी विचारलं, हे काय?

"तुम्हीच लिहिलं होतं न मॅडम, मोठी फाइल नका पाठवू. म्हणून तवापासून एकेक पान सुटं करून पाठवून राहिली."

शेवटचं पान गेल्यावर त्यांनी धरमपेठेत फोन लावला. "अडतीसच्या अडतीस आले काय वं? मोजून पाह्य बरं." या सगळ्यात त्यांना घरी जायला रोज दोन तास उशीर होत होता. हे त्यांनी नाही, शेजारच्या सिस्टरने सांगितलं.

आणि मी तिथे बसलेली असतानाच सर्व्हर पडला! ताईंचे मेल तर चिमूटभर. सर्व्हरच्या नोंदींचा लॉग बघितला तर दुसऱ्या एका सेंटरमधून एमआरआयची भलीमोठी फाइल आली होती. आता एमआरआय मोठा असणारच, त्याला काय बेजबाबदार म्हणणार...

नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय. माझा प्रोग्राम अख्खी फाइल एकाच वेळी मेमरीत घ्यायचा. खरं तर ती तुकड्यातुकड्यांनी मागता येते. इथून इथपर्यंतचं दे, ते डिस्कवर ठेवलं की पुढचं दे, शेवटी सगळं आलं का ते तपास. मला हे माहीत होतं, आळसाने केलं नव्हतं. आणि माझ्या आळसापायी ही बाई तेच काम हाताने करत होती. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ताईंच्याच शेजारी बसून प्रोग्रामचा कोड बदलला. दुपारी तीच एमआरआयची फाइल पुन्हा चालवली, सर्व्हरला काही झालं नाही. लगेच सरांना फोन करून सांगितलं, चूक ताईंची नव्हती, माझी होती. सर म्हणाले, ठीक आहे, राहू द्या त्यांना कम्प्युटरवरच.

मला वाटलं, मिटलं. बॅग उचलली, तर ताई हळूच म्हणाल्या, "हे फक्त सरालेच समजलं न मॅडम... ते पहिलं तर सगळ्याले गेलं होतं."

मी परत बसले. तीन ओळी लिहिल्या. सर्व्हर माझ्या प्रोग्राममुळे पडत होता, वंदनाताईंची काहीही चूक नव्हती, मी त्यांची माफी मागते. डॉक्टरांपासून रिसेप्शनपर्यंत सगळ्यांना. सेंड दाबायला मात्र बराच वेळ लागला...

ताईंनी त्याची प्रिंट काढली. मग पर्समधून चार घड्या घातलेला एक कागद काढला. माझा तो पहिला मेल होता, दोन आठवडे त्या तो जवळ घेऊन फिरत होत्या. त्यावर नवा कागद ठेवून त्यांनी स्टेपलर मारला आणि म्हणाल्या, "आता चहा घेऊनच जा."

ताई, मी तुमच्या जागी असते तर तो चहा मला पाजला नसता. मनापासून आभार.