इमदातकाकाचा कान

आमच्या देरेबाशी तालुक्याचा इतिहास कुणी लिहिलेला नाही. लिहायचाच झाला तर आमच्या डोक्यांवरचे व्रण मोजत बसावं लागेल. भूगोल सोपा आहे. डोंगरातून एक ओढा उतरतो, अलीकडे आमचं काराओलुक, पलीकडे सारीताश, आणि वर, बर्फ मे महिन्यात वितळतं तिथे, दोन्ही गावांची उन्हाळी कुरणं एकमेकांना लागून. एकमेकांचे मुडदे पाडायला एवढं पुरतं.

त्या कुरणांची हद्द इमदातकाकाला ठाऊक होती. सात वर्षांचा असताना आजोबाने त्याला हद्दीच्या दगडापाशी नेलं, दगडाखाली पुरलेला कोळसा दाखवला (कोळसा कुजत नाही, म्हणून पुरतात) आणि डाव्या कानाखाली सणसणीत ठेवून दिली. "आता ही जागा मरेपर्यंत विसरणार नाहीस," म्हातारा म्हणाला. आमच्याकडे हद्द अशीच शिकवतात. पण इमदातकाकाचा तो कान कायमचा गेला. म्हणूनच दोन्ही गावं त्याचा शब्द मानायची, कोर्टसुद्धा.

त्या उन्हाळ्यात हद्दीचा दगड नाहीसा झाला आणि आमचे तंबू बरेच पुढे सरकले. सकाळीच सारीताशवाले कुऱ्हाडी घेऊन आले.

"काय रे, सासरवाडीतसुद्धा असेच पाय पसरता का?" त्यांच्यातला एक ओरडला.

"तुमच्या शेळ्यांना विचार, त्या आमच्या गवतावरच माजल्यात!" इमदातकाकाचा थोरला कादिर म्हणाला, आणि पहिली काठी त्यानेच घातली.

माझ्याही हातात काठी होती, उगाच साळसूदपणा कशाला करू? दात पडले, डोकी फुटली. माझ्या काठीखाली कुणाचं तरी मनगट मोडलं आणि मला आनंद झाला. इमदातकाकाच्या बायकोने, दोनेकाकूने, डोक्यावरचा पांढरा रुमाल काढून मधोमध टाकला. बाईचा रुमाल जमिनीवर पडला की पुरुषांनी हात आवरायचे, ही रीत. त्या दिवशी दोन्हीकडचे बूट त्या रुमालावरून गेले. मग बंदूक वाजली. काकाचा धाकटा सेलामी पोट धरून बसला. दुपारपर्यंत पाणी मागत होता, मग गेला.

मारेकऱ्याला शिपायांनी त्याच दिवशी धरलं. अकराव्या दिवशी न्यायाधीश हद्द ठरवायला कुरणावर यायचे होते. चढणीवर कादिर बापाला गाठून बोलू लागला.

"या बाजूने बोल," काका म्हणाला. "तिकडून ऐकू येत नाही."

कादिर उजव्या कानापाशी आला. "बाबा, फक्त ऐंशी पावलं पुढे दाखवा. सेलामी आपल्या जमिनीवर मेला असं होऊ द्या. नाहीतर जन्मभर लोक म्हणतील, चोर होता."

काका चढत राहिला. त्याने सगळं नीट ऐकलं होतं, हे मी पाहिलं.

वर पोचल्यावर म्हातारा डाव्या कानावर हात ठेवून चालू लागला. सेलामी पडला ती जागा समोर दिसत होती. तिच्या अलीकडे ऐंशी पावलांवर तो थांबला.

"इथे खणा."

हातभर खाली कोळसा निघाला. आमच्या माणसांनी माना खाली घातल्या.

"दगड कुठे गेला?" न्यायाधीशांनी विचारलं.

"ओढ्यात, साहेब. माझ्याच पोरांनी ढकलला." काकाने सेलामी पडला त्या जागेकडे बोट केलं. "माझा सेलामी दुसऱ्याच्या गवतावर मेला."

कादिर धावून गेला आणि बापाच्या उजव्या कानाखाली सगळ्या ताकदीने हाणली. म्हातारा कोळशावर आडवा झाला. कानातून रक्त मानेवर उतरलं. शिपायांनी कादिरला खाली पाडून लाथा घातल्या. आमच्यातलं कुणी हललं नाही. खरं सांगतो, आम्हाला ती चपराक बरी वाटली होती. त्याची लाज मला आजही वाटते.

काका उठून बसला. "सोडा त्याला," तो जरा जास्तच मोठ्याने म्हणाला, बहिरी माणसं बोलतात तसं. "माझ्यामागे ही जागा लक्षात ठेवणारा कुणीतरी हवा होता. आता हा विसरणार नाही."

आता इमदातकाकाला काहीच ऐकू येत नाही. हद्द विचारायला दोन्ही गावं कादिरकडे जातात. तो कोळशाच्या जागेपर्यंत चालत येतो, हात खिशात घालतो आणि पायाने दाखवतो.