कोरसवाली

"हा माणूस गात नाही, ओरडतोय. कुणीतरी त्याला पाणी द्या. पण शेवटी जी बाई येते, तिच्यासाठी अख्खा आल्बम घ्या."

घणसोली गावातल्या आमच्या घरात, रविवारी दुपारी, बाबांच्या जुन्या मित्रांसमोर मी हे मोठ्याने वाचलं. ओरडणारा माणूस म्हणजे माझे बाबा. ते समोरच खुर्चीत बसले होते, इस्त्रीचा शर्ट घालून, केसांना काळं लावून. वाच म्हणून त्यांनीच फर्मावलं होतं.

त्याचं असं झालं. बाबा जवळच पावणे एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत कामाला होते आणि उरलेल्या वेळात गायन पार्टी चालवायचे. जयंती असो, हळद असो, कुणाच्या मयताचं जलदान असो, बोलावणं आलं की पेटी-ढोलकी घेऊन निघायचे. माझ्या जन्माआधी एका हौशी माणसाने त्यांच्याकडून विलायती ठेक्यावरचं एक मराठी नाचगाणं गाऊन घेतलं आणि त्याची तबकडी काढली. ती काही खपली नाही. आता इतक्या वर्षांनी परदेशातल्या एका शौकिनाला ती कुठल्याशा जुन्या बाजारात मिळाली. त्याने देशोदेशीच्या जुन्या सोल आणि फंक नाचगाण्यांचा एक आल्बम काढला आणि त्यात शेवटचं गाणं घातलं ते बाबांचं. शोधत शोधत तो फोनवर बाबांपर्यंत पोचला आणि आल्बमची एक प्रत त्याने घरी पाठवली. ती वाजवायचं यंत्र आमच्याकडे नाही. गाणं आम्ही मोबाइलवर ऐकतो. आल्बम टीव्हीशेजारी उभा करून ठेवलाय, येणाऱ्याला दिसावा म्हणून.

बाबांना गाण्यापेक्षा लोक काय म्हणतात याची जास्त हाव. ऐकणारे आपापली मतं इंटरनेटवर इंग्रजीत लिहीत होते. मी महाप्याच्या एका ऑफिसात दिवसभर हॉटेलांवरची गिऱ्हाइकांची मतं वाचते, शिव्या एकीकडे आणि कौतुक एकीकडे काढते. "तुजं तर कामच हाय ते," बाबा म्हणाले. "मराठी करून वाच. आनि काय गाळू नको." मी काही गाळलं नाही. खरं सांगते, मला मजा येत होती.

कारण मत द्यायला बाबांनी आयुष्यात कुणाची परवानगी घेतली नव्हती. भर कार्यक्रमात कोरसवाल्याला थांबवून "तुज्यापेक्षा म्हस बरी" म्हणायचे आणि लोक हसले की खूष व्हायचे. शाळेच्या स्नेहसंमेलनात मी गायले, तर घरी येईपर्यंत रस्ताभर माझी नक्कल करत आले. पण सगळ्यात जास्त बोलायचे ते आईला. आई गाणाऱ्या घरातली. माझे आजोबा चिपळूणकडे पार्टीत गायचे आणि आई त्यांच्यामागे कोरसला उभी असायची. बाबांनी तिला तिथेच पाहिली, आवाज ऐकूनच मागणी घातली, आणि लग्न झाल्यावर सांगितलं, "बायको इस्टेजवर नाय." मग घरातही नाही. भांडी घासताना ती गुणगुणली की बाहेरून आवाज यायचा, "भांडी घास गो, सूर नको लावू."

त्या रेकॉर्डिंगच्या दिवशी ठरलेली कोरसवाली आली नाही. बाबांनी आईला चुलीपुढून उठवून नेलं. शेवटचे शब्द नुसते परत म्हणायचे, एवढंच तिचं काम. आई थांबलीच नाही. बाबांच्या सुराच्या वर चढली आणि बाजा बंद होईपर्यंत गात राहिली. "हिला थांबायचं कळलं नाय. टेप संपली व्हती, नायतर परत गाऊन हिला कापूनच टाकलं असतं," असं बाबा पाहुण्यारावळ्यांत सांगायचे. आमच्याकडचा तो ठरलेला विनोद होता. तेव्हा आई चहाचे कप गोळा करायची.

तर त्या रविवारी मी पुढचं वाचलं. एकाने लिहिलं होतं, गायकाला वाटतंय तो नाचतोय, प्रत्यक्षात तो धापा टाकत जिना चढतोय. दुसऱ्याने सल्ला दिला होता की गाणं पुढे ढकला आणि सरळ बाईपाशी जा. कुठली तरी बाई लिहीत होती, मी ओट्यापाशी उभी राहून तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा लावते आणि नाचते, ही कोण आहे, कुणी सांगेल का? बाबांचे ढोलकीवाले मित्र चहाच्या कपात तोंड घालून हसले. मग आतल्या खोलीकडे मान करून म्हणाले, "वयनी, आयकलंत काय?"

"ह्या लोकांना ताल कळत नाय," बाबा म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "आनि तुला तरी विंग्लिश धड येतं काय?"

आई दारात उभी होती. तिने चहाचे कप गोळा केले. पण दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून आले, चपला काढते आहे तोच तिने विचारलं, "आज काय लिवलंय?" मग रोज विचारायला लागली, तेही बाबा समोर असतानाच. "जरा मोठ्यानं वाच. त्यांना कमी आयकू येतं." बाबांचे कान चांगले तिखट आहेत. पिशवीतून शेव काढली तरी त्यांना पलीकडच्या खोलीत कळतं. मी मोठ्याने वाचायची. बाबा टीव्हीचा आवाज वाढवायचे आणि मी त्याच्यावर आवाज चढवायची. सकाळी आई मिठाच्या कोमट पाण्याने गुळण्या करायला लागली. घशाला काय झालं विचारलं तर म्हणाली, काही नाही.

गच्चीवर कपडे वाळत घालताना मात्र बोलली. "नाव छापतील काय गो माजं? नुसतं नाव. फोटो नको."

मी म्हटलं, आत्ता लिहिते त्या माणसाला. तिने माझा हात धरला. "तू नको. त्यांच्या तोंडातून येऊ दे. येवढ्या वर्सात येकदा."

तशी वेळ लवकरच आली. आल्बमच्या प्रती संपत आल्या होत्या, तोच पुन्हा छापायचा होता, आणि सगळे त्या बाईबद्दल विचारत होते. शौकिनाने व्हिडिओ कॉल केला. मी बाबांच्या शेजारी बसले. त्याने विचारलं, शेवटी गाणारी बाई कोण, तिचं नाव आम्हाला छापायचं आहे. मी मराठीत सांगितलं. आई फोनच्या मागे दारात उभी होती. हात बोंबील साफ करून ओले, ते तिने पदराला पुसायला घेतले.

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. आणि माझी गरज न लागता, कंपनीत शिकलेल्या इंग्रजीत म्हणाले, "डेड. लाँग बॅक." वर हातही जोडले.

पडद्यावरच्या त्या माणसाने डोक्यावरची टोपी काढली आणि मान खाली घातली. मी तोंड उघडलं, तर आईने मान हलवून मला गप्प केलं.

फोन बंद झाल्यावर मी बाबांना वाट्टेल ते बोलले. त्यांच्यावर ढिम्म परिणाम नाही. "जिती हाय म्हटलं तर उद्या म्हनतील, तिलाच गायला लावा. गानं माजं हाय," म्हणाले. आई आत गेली. बोंबील तळले, भाकऱ्या केल्या आणि ताटं वाढली, एक माझं आणि एक तिचं.

"माजं ताट?" बाबांनी विचारलं.

"मेलेली बाय ताट वाढत नाय," आई म्हणाली आणि जेवायला बसली.

बाबांना वाटलं, राग आहे, सकाळपर्यंत उतरेल. उतरला नाही. त्यांचे कपडे तिने धुतले नाहीत, चहा दिला नाही, हाकेला ओ दिली नाही. खानावळीचा डबा सुरू झाला. डब्यातल्या तेलाने त्यांचं पोट बिघडलं, तरी आईने पेज केली नाही. मीही केली नाही. बाबांनी मित्रांकडे गाऱ्हाणं नेलं, तर ढोलकीवाले म्हणाले, "मंग हिचं जलदान कदी ठेवतोस? पार्टी आमी आनतो."

तिकडे बातमी पसरली होती. ऐकणारे हळहळत होते. कुणी लिहिलं, तिच्यासाठी मी मेणबत्ती लावली. कुणी लिहिलं, असा आवाज गेला आणि ओरडणारा उरला, नशिबाला न्याय नाही. हेही मी बाबांसमोर वाचलं, अगदी सावकाश. आई पाय पसरून, भाजी निवडत ऐकत होती. "मेल्यावर लोक लय गोड बोलतात," म्हणाली.

शेवटी बाबांनी अर्धवट खाल्लेला डबा बाजूला सारला. "लिव त्याला," मला म्हणाले. "जिती हाय म्हनावं. माजं काय चुकलं नाय, पन लिव."

"नको," आई म्हणाली. ती त्यांच्याशी नाही, माझ्याशी बोलत होती. "माजं नाव लिव. म्होरं माज्या बापाचं, मंग आमचं माहेरचं आडनाव. ह्यांचं काय लावू नको."

"आणि मेलीस ते?"

"ते तसंच ऱ्हाऊ दे. जिती म्हटलीस की ह्यांचं नाव लागंल."

मी तिने सांगितलं तसं लिहून पाठवलं.

नव्याने छापलेला आल्बम गेल्या महिन्यात आला. बाबांनी चष्मा लावला आणि मागची बाजू धरून बसले. त्यांच्या नावाखाली, त्याच मापाच्या अक्षरांत, आईचं लग्नाआधीचं नाव होतं आणि त्याच्याआधी दिवंगत असं इंग्रजीत छापलेलं. त्यांनी त्यावरून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं. आत आई मासे तळत होती आणि तो शेवटचा तुकडा गात होती, दार सताड उघडं टाकून, गल्लीला ऐकू जाईल असा.

"ए, हळू," बाबा ओरडले. आई थांबली नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "सांग तिला."

"कुणाला?" मी म्हटलं, आणि खानावळीचा डबा उघडून त्यांच्यापुढे ठेवला.