एका कॉटर पिनीसाठी गेलेली सुट्टी

दमून आत्ताच घरी टेकलोय. खिशात एक कॉटर पिन आहे आणि ती आता कुणालाच नकोय.

नाना म्हणजे माझे वडील. त्यांच्या जुन्या सायकलचं डावं पायडल लटपटत होतं. पायडलचा दांडा जागेवर धरून ठेवणारी बोटाएवढी पिन झिजली होती. "जरा बघ की तेवढं," म्हणाले. सुट्टीच होती, निघालो.

कोरेगावात मिळाली ती जाड निघाली, घरी आणून लावली तर भोकातच जाईना. साताऱ्यात बघावं तिथं गिअरच्या सायकली. एक जण म्हणाला, "आता नवीनच घ्या की." शेवटी लोणंदला एका पंक्चरवाल्यानं भंगारातल्या सायकलची काढून दिली. एसटीत उभ्यानं परत आलो.

बघतो तर नानांनी पायडलच काढून ठेवलेलं.

"आवं नाना, आता चालवणार कशी?"

"चालवतंय कोण रं? कवाच सोडलंय. नुसती धरून चालतो. पायडल नडगीला लागत हुतं, म्हणून म्हणलं बघ."

"मग काठी घ्या की."

"काठी बघितली की लोक इचारत्यात, तब्येत कशी हाय? सायकल बघितली की इचारत्यात, नाना, कुठं निघालासा?"

दोन्ही चाकांत हवा भरून दिली आणि ब्रेक तेवढे आवळले.

तुमच्या घरात काठीच्या जागी काय आहे?